सहा मात्रांचा मुलूख

सहा मात्रा सारख्या अंतराने मोजीत जाव्यात आणि प्रथम त्यांतील पहिल्या व चौथ्या मात्रेवर वजन द्यावे, म्हणजे आपल्या कानांना लहानपणापासून परिचित असलेला दादऱ्याचा तीन-तीनचा झोल आपोआप उभा राहतो. मग लय यत्किंचितही न बदलता तेच वजन पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर न्यावे, म्हणजे दोन-दोन मात्रांच्या तीन जोड्या पडून चाल एकदम पालटते. मात्रांची संख्या तीच, काळ तोच, तरी पहिल्या चालीत अंग झुलते आणि दुसरीत पाऊल ठामपणे जमिनीवर पडते. या दोन चाली एकीमागून एक, किंवा त्याहून बिकट म्हणजे एकाच वेळी एकमेकींवर, चालवणे हा स्पेनच्या कितीतरी लोकनृत्यांचा प्राण आहे. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे सुमारे शंभर वर्षे रशियन, फ्रेंच आणि अखेरीस स्वतः स्पॅनिश संगीतकारांनी वाद्यवृंदासाठी स्पॅनिश रंगाच्या ज्या रचना केल्या, त्यांपैकी ज्या टिकल्या त्या मुख्यतः या ठेक्याच्या बळावर टिकल्या, असे माझे मत आहे. सुरावटी उसन्या घेणे सोपे होते व ते पुष्कळांनी केले. ठेक्याचे मर्म ज्यांच्या हाती लागले ते मोजकेच.

नकाशावर स्पेन हा एक देश दिसत असला, तरी नृत्याच्या बाबतीत प्रत्येक प्रांताची वहिवाट स्वतंत्र आहे. ईशान्येकडील आरागॉन प्रांताचा खोता हा जलद तीन मात्रांचा, उड्या मारीत नाचायचा प्रकार. त्याच्या साथीत बहुधा दोनच स्वरसंघ असतात, एक षड्जावरचा व दुसरा पंचमावरचा, आणि ते ठराविक मापांनी आळीपाळीने येत राहतात. मध्यभागातील ला मांचाच्या पठारावर सेगिदिया नाचतात, ज्यांच्या गीतांत सात आणि पाच अक्षरांचे चरण एकाआड एक येतात. दक्षिणेस आंदालुसियात फांदांगो, आणि त्याच कुळातली, मालागा शहराचे नाव धारण करणारी मालागेन्या. बोलेरो हा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सेगिदियाच्या घराण्यातच जन्मलेला, पुढे रंगभूमीवर चढलेला नाच. तीनांच्या या कुटुंबाबाहेरचेही काही आहेत: चार मात्रांची, पुरुषी डौलाची फारुका; उत्तरेकडील बास्क लोकांचा पाच मात्रांचा सोर्त्सिको; आणि क्यूबा बेटातून समुद्र ओलांडून आलेली हाबानेरा, जिच्या आठ सूक्ष्म मात्रा तीन, एक, दोन, दोन अशा पडतात आणि त्या पहिल्या लांबलेल्या आघातामुळे सगळी चाल किंचित रेंगाळल्यासारखी वाटते.

या नाचांची साथ करणारी साधने थोडी आहेत. टाळ्या, टाचा, गिटार आणि कॅस्टनेट, एवढ्यांवर बहुतेक कारभार चालतो. कॅस्टनेट म्हणजे शिंपल्यासारख्या पोकळ कोरलेल्या कठीण लाकडाच्या दोन वाट्या, दोरीने अंगठ्यात अडकवून तळहाताशी धरलेल्या. प्रत्येक हातात एक जोड असते, आणि दोन्ही जोडांचा आवाज मुद्दाम वेगळा ठेवतात: उजव्या हातातली जोड उंच आवाजाची, तिला मादी म्हणतात, डाव्या हातातली खालच्या आवाजाची, तो नर. डावा हात मुख्य आघात देतो आणि उजव्या हाताची चार बोटे करंगळीपासून ओळीने लाकडावर उतरून जी अखंड खडखड काढतात तिने आघातांमधली पोकळी भरून निघते. ठेका आणि त्याची भरण या दोन्ही गोष्टी नाचणारीच्या स्वतःच्या दोन हातांत असल्यामुळे पायाशी त्यांचे नाते तुटत नाही. हे साधन वाद्यवृंदात आले तेव्हा मात्र त्याला पुष्कळदा लाकडी मुठीवर किंवा पाटावर बसवावे लागले, कारण तालवाद्ये वाजवणाऱ्या माणसाला त्याच्या जोडीला इतरही वाद्ये सांभाळायची असतात. आवाज तोच राहिला, पण बोटांची ती ओळीने उतरण्याची कला बरीचशी मागे राहिली.

आंदालुसियातील जिप्सींच्या फ्लामेंकोत हा सहा मात्रांचा व्यवहार बारा मात्रांपर्यंत वाढतो. बुलेरियासारख्या प्रकारात त्या बारा मात्रा तीन, तीन, दोन, दोन, दोन अशा विभागल्या जातात, म्हणजे आधी आपण पाहिलेली झुलती चाल एकदा आणि लगेच ठाम चाल एकदा. संख्येने हा आपला एकतालच. पण एकतालात दोन-दोनांचे सहा समान खंड असतात, तर येथे खंडच विषम असल्यामुळे आवर्तनाच्या पोटात एक ओढ सतत जाणवत राहते. रोमा किंवा जिप्सी लोकांची भाषा आपल्या आर्यभाषांच्या कुळातली आहे आणि पंधराव्या शतकात स्पेनमध्ये पोचलेले त्यांचे पूर्वज मूळचे हिंदुस्थानातले, ही गोष्ट भाषाशास्त्राने सिद्ध केलेली आहे. तीवरून फ्लामेंको हे कथकाचे अपत्य ठरवण्याची जी हौस आपल्याकडे दिसते, तिला मात्र पुरेसा दस्तऐवजी आधार नाही. त्या नृत्याच्या घडणीत जिप्सींप्रमाणे अरबांचा, ज्यूंचा, चर्चमधल्या जुन्या गायनाचा आणि आंदालुसियाच्या शेतकऱ्यांचाही वाटा आहे, आणि आपल्या आप्तपणाचा दावा सांगण्यासाठी तो वाटा कमी लेखणे योग्य होणार नाही.

आता खरी अडचण अशी की ज्या वाद्यावर हे सगळे उभे आहे ती गिटार युरोपीय वाद्यवृंदात नाही. व्हायोलिनचा गज स्वर लांबवतो, गिटारवादकाची नखे तारांवरून फटकारत जातात; त्या फटकाऱ्याला स्पॅनिश लोक रास्गेआदो म्हणतात, आणि त्यात स्वर व आघात एकाच क्षणी जन्मतात. वाद्यवृंदातल्या पन्नास-साठ गजांनी हे कसे करावे? या प्रश्नाला ज्याने त्याने आपापल्या बुद्धीप्रमाणे जे उत्तर दिले, त्याचा इतिहास म्हणजेच या संगीताचा इतिहास होय.

अठराव्या शतकात हा प्रश्न कोणी फारसा गंभीरपणे विचारला नव्हता. व्हिएन्नात ग्लुकने १७६१ साली डॉन हुआनच्या कथेवरील नृत्यनाट्यात एक फांदांगो घातला आणि मोझार्टने १७८६ साली ‘फिगारोचे लग्न’ या ऑपेरातील लग्नसमारंभाच्या प्रसंगी त्याच सुरावटीचा उपयोग केला. दोन्ही ठिकाणी तो एखाद्या परदेशी पाहुण्याप्रमाणे अदबीने येतो व अदबीनेच निघून जातो. माद्रिदमध्ये राहणाऱ्या बोक्केरिनीने आपल्या एका पंचवाद्यरचनेत गिटारच घेतली, त्यामुळे त्याच्या फांदांगोला मातीचा वास आहे, पण ती रचना दिवाणखान्याची, मोठ्या वाद्यवृंदाची नव्हे.

मिखाइल ग्लिंका हा रशियन संगीतकार १८४५ च्या उन्हाळ्यात स्पेनमध्ये शिरला आणि सुमारे दोन वर्षे त्या देशात राहिला, ही घटना मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. तो ऑपेरागृहांच्या शोधात आला नव्हता. व्हायादोलिद येथे मुक्काम असताना फेलिक्स कास्तिया नावाचा एका व्यापाऱ्याचा मुलगा गिटारवर आरागॉनचा खोता रंगवून वाजवीत असे. त्याने केलेले फेरफार ग्लिंकाने मनात साठवून ठेवले आणि त्याच वर्षी शरद ऋतूत माद्रिदमध्ये बसून त्यांवर आपली पहिली स्पॅनिश रचना लिहिली. पुढे ग्रॅनाडात त्याला फ्रान्सिस्को रोद्रिगेस, लोकांनी ‘एल मुर्सियानो’ म्हणून ओळखलेला, निरक्षर परंतु अलौकिक गिटारवादक भेटला, आणि त्याच्या बोटांतून जे निघे ते कागदावर उतरवण्याचा ग्लिंकाने प्रयत्न केला. एवढ्यावर न थांबता तो नाचाचे धडेही घेऊ लागला. पाय ऐकत होते, पण कॅस्टनेट काही साधली नाहीत, असे त्याने आपल्या आठवणींत नमूद करून ठेवले आहे. एका प्रतिष्ठित संगीतकाराने चाळिशी ओलांडल्यावर नाचगुरूपुढे उभे राहून पावले गिरवावीत, यात त्याची जिज्ञासा किती सच्ची होती याचा पुरावा आहे. ज्याला परक्या देशाचा ताल आपल्या रचनेत आणायचा आहे त्याने तो आधी आपल्या पायांत आणावा, ही गोष्ट त्याला कोणी शिकवलेली नव्हती.

त्याच्या ‘खोता आरागोनेसा’ या रचनेत सावकाश, गंभीर प्रस्तावना झाल्यावर व्हायोलिन हा खोता हलक्या पावलांनी सुरू करते. बाकीच्या तारवाद्यांचे गज बाजूला पडतात, तारा बोटांनी छेडल्या जातात आणि हार्प त्यांना साथ देते. गिटारीच्या अभावावर सापडलेला हा पहिला खरा उपाय. दोनच स्वरसंघांचे ते आळीपाळीने येणे ग्लिंकाने टाळले नाही. उलट, खाली काहीच बदलत नाही म्हणूनच वर प्रत्येक वेळी नवे काही घडवता येते, हे लोकवादकाचे तंत्र त्याने ओळखले आणि त्या स्थिर पायावर एकेका वाद्याला आपला फेरा घेऊ दिला. दुसरी रचना, ‘माद्रिदमधली उन्हाळी रात्र’, हिचे पहिले रूप १८४८ चे. तिच्यात खोत्याबरोबर ला मांचाच्या सेगिदियाही आहेत. पुढच्या रशियन पिढीने स्वतःच्या देशातील लोकगीते वाद्यवृंदात कशी आणावी याचा पहिला पाठ ज्या थोड्या रचनांवरून घेतला, त्यांत ग्लिंकाच्या या स्पॅनिश रचनांची गणना करावी लागते.

फ्रान्समध्ये बिझेचा ‘कार्मेन’ हा ऑपेरा १८७५ साली रंगभूमीवर आला. बिझेने स्पेनमध्ये पाऊल टाकलेले नव्हते, आणि त्याच्या प्रसिद्ध हाबानेराची चाल तर त्याने लोकगीत समजून घेतली, परंतु ती सेबास्तियान इरादियेर या बास्क संगीतकाराची निघाली. खरा प्रकार समजल्यावर छापील प्रतीत त्याने तसा दाखलाही दिला. त्याचे नाट्यगुण थोर आहेत, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच्यापेक्षा मला एमानुएल शाब्रिए अधिक मोलाचा वाटतो.

शाब्रिएने आयुष्याची एकोणीसेक वर्षे फ्रान्सच्या गृहखात्याच्या दफ्तरात कारकुनी केली आणि १८८० साली ती नोकरी सोडून तो पूर्णवेळ संगीतकार झाला. १८८२ च्या उत्तरार्धात पत्नीसह त्याने स्पेनचा प्रवास केला, उत्तरेच्या सान सेबास्तियानपासून सेव्हिया, ग्रॅनाडा, मालागा, कादीसपर्यंत. रात्री कॅफेंत जाऊन नाचणाऱ्यांच्या टाचा, टाळ्या आणि कमरेचे झोके न्याहाळले, आणि त्यांचे ठेके स्वरलिपीत टिपून मित्रांना पत्रांतून कळवले. तेथून परतल्यावर त्याने खोता आणि मालागेन्या यांच्यावर ‘एस्पान्या’ ही रचना बांधली, आणि नोव्हेंबर १८८३ मध्ये पॅरिसमध्ये ती प्रथम वाजली.

या रचनेचा आरंभ बारकाईने ऐकण्याजोगा आहे. तारवाद्ये बोटांनी छेडली जातात, आणि ते आघात अशा जागी पडतात की ठेका दोनचा आहे की तीनचा याचा निवाडा कानाला काही क्षण करताच येत नाही. एकीकडे मन तीन मोजू पाहते, तर दुसरीकडे जोड्यांची चाल त्याला बाजूला ओढते. मग बासरीची फडफड, टॅम्बोरिनची खणखण यांच्या सोबतीने मुख्य धून येते आणि तीनचा अंमल एकदाचा प्रस्थापित झाला असे वाटते न वाटते तोच पुन्हा एखादे वाद्य वजन हलवते. पुढे ट्रॉम्बोन जो दणदणीत, किंचित अडदांड विषय घेऊन येतात तो लोकसंगीतातून घेतलेला नसून शाब्रिएचा स्वतःचा आहे; पण त्याचे रूप असे बेतले आहे की तीन मात्रांच्या धावत्या पायघड्यांवरून तो आपलीच वेगळी मोजणी करीत चालत जातो, आणि साऱ्या रचनेत तोच सर्वांत जास्त स्पॅनिश वाटतो. अस्सल धून बाजूला ठेवून केवळ ठेक्याच्या आधारावर नवी धून अस्सल करून दाखवणे, हे काम शाब्रिएच्या आधी इतक्या पूर्णतेने कोणी केले असेल असे मला वाटत नाही.

रशियातील रिम्स्की-कोर्साकोव्हचे ‘काप्रिचियो एस्पान्योल’ हे १८८७ चे. त्याचा स्पेनशी परिचय जवळजवळ पुस्तकीच. हाताशी होता तो होसे इन्सेंगा याने जमवलेला लोकगीतसंग्रह. त्यामुळे त्याच्या रचनेत ठेक्याचा शोध शाब्रिएइतका खोल नाही, आस्तुरियास प्रांताच्या पहाटेच्या गाण्याने ती सुरू होते आणि त्याच प्रांताच्या फांदांगोने संपते, एवढा तिचा आराखडा. मात्र वाद्यांच्या रंगांविषयीची त्याची जाण असामान्य होती. जिप्सीगीताच्या भागात त्याने व्हायोलिनवाल्यांना गिटारीप्रमाणे वाजवण्याची सूचना स्वरलिपीतच लिहून ठेवली. तालमीच्या वेळी वादकांनी मधूनच थांबून टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्याने ही रचना त्या वाद्यवृंदालाच अर्पण केली आणि वादकांची नावे प्रतीत छापून घेतली. एखाद्या रचनेच्या यशात तिच्या वादकांचा वाटा किती, हे इतक्या उघडपणे मान्य करणारा संगीतकार विरळा.

शाब्रिएनंतर पॅरिसमध्ये या संगीताला एक अंतर्मुख वळण लागले. देबुसीने स्पेन पाहिला तो सरहद्दीलगतच्या सान सेबास्तियानला बैलांची झुंज पाहण्यासाठी गेला त्या काही तासांपुरता; तरी १९१० साली प्रथम वाजलेल्या त्याच्या ‘इबेरिया’त सेव्हियाच्या रस्त्यावरचा नाच असा येतो की जणू वाऱ्याबरोबर त्याचे तुकडेच कानावर पडत आहेत, ठेका ऐकू येतो, हरवतो, दुसऱ्या गल्लीतून परत येतो. स्पेनमध्ये जन्मलेल्या माणसालाही हे पटावे, याची साक्ष खुद्द स्पॅनिश संगीतकार मानुएल दे फायाने दिली आहे. राव्हेलची गोष्ट निराळी. त्याचा जन्म स्पेनच्या सरहद्दीजवळच्या सिबूर गावचा. आई बास्क, तिचे तारुण्य माद्रिदमध्ये गेलेले. तिच्या तोंडून ऐकलेल्या हाबानेरा त्याच्या कानांत इतक्या मुरल्या होत्या की वयाच्या विसाव्या वर्षी त्याने दोन पियानोंसाठी एक हाबानेरा लिहिली आणि पुढे १९०८ मध्ये वाजलेल्या ‘राप्सोदी एस्पान्योल’मध्ये ती वाद्यवृंदाला नेमून दिली. त्या भागात जवळजवळ सारा वेळ एकच स्वर वेगवेगळ्या वाद्यांतून हाबानेराच्या ठेक्यात घुमत राहतो, आणि इतका मोठा वाद्यवृंद इतक्या हळुवारपणे नाचू शकतो याचे ऐकणाऱ्याला नवल वाटते.

येथपर्यंतचे सगळे संगीतकार पाहुणे होते. घरचा माणूस म्हणजे कादीस बंदरात १८७६ साली जन्मलेला फाया. फेलिपे पेद्रेल या त्याच्या गुरूने आयुष्यभर लोकगीते जमवली आणि देशाचे संगीत देशाच्या गाण्यांतूनच उभे राहिले पाहिजे हा आग्रह शिष्यांच्या मनांत रुजवला. पुढे १९०७ ते १९१४ फाया पॅरिसमध्ये राहिला, देबुसी व राव्हेल यांच्या सहवासात वाढला, आणि परतताना एक पक्का निर्णय घेऊन परतला: लोकगीत जसेच्या तसे उचलायचे नाही, त्याचा ठेका, त्याच्या स्वरांतरांची घडण, त्याच्या साथीतली गिटार यांचा अर्क काढायचा. १९१५ च्या ‘एल आमोर ब्रुखो’त एक भाग सात मात्रांचा आहे, रूपकाच्या आवर्तनाएवढा, आणि तो अशा सहज डौलाने चालतो की मोजल्याशिवाय सातचा पत्ता लागत नाही.

पण या विषयाचा कळस म्हणजे त्याचे ‘तीन कोपऱ्यांची टोपी’ हे नृत्यनाट्य. आलार्कोन याच्या १८७४ च्या कथेवरून ते घेतलेले: एका गिरणीवाल्याच्या देखण्या बायकोवर त्या भागाचा कोर्रेहिदोर, म्हणजे आपल्या जुन्या मामलेदारासारखा अंमलदार, भाळतो, आपल्या हुद्द्याची निशाणी असलेली तीन कोपऱ्यांची टोपी मिरवीत तिच्यामागे लागतो आणि सगळ्या गावाच्या हातून फजीत होतो. दियागिलेव्हच्या रशियन बॅले मंडळींनी ते २२ जुलै १९१९ रोजी लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहात प्रथम केले; पडदा, नेपथ्य आणि वेशभूषा पिकासोची, नृत्यरचना मासीनची, वाद्यवृंदाची सूत्रे आन्सेर्मेकडे. पिकासोचा चित्रित पडदा प्रेक्षकांना नीट पाहता यावा म्हणून फायाने नगारे, ट्रम्पेट, टाचांचे आघात, कॅस्टनेट आणि ‘ओले’च्या आरोळ्या यांची एक छोटी प्रस्तावना जोडली, जिच्यात ताल हाच मुख्य आहे.

या कथेत प्रत्येक पात्राला आपला नाच मिळाला आहे आणि त्या वाटणीत फायाची सूक्ष्म बुद्धी दिसते. बायको फांदांगो नाचते, ज्यात सहा मात्रांची दोन्ही रूपे इतक्या लगबगीने अदलाबदल करतात की तिच्या स्वभावातली चंचल हुशारी शब्दांवाचून कळते. शेजारी लोक सेगिदिया नाचतात. गावाच्या जल्लोषाला अखेरीस खोता आहे. गिरणीवाल्याची फारुका मात्र चारांच्या सरळ ठेक्याची, कारण हा माणूस आडवळणाचा नाही. हॉर्न एकट्याने ललकारी देतो, इंग्लिश हॉर्न तिला उत्तर देतो, आणि मग सारी तारवाद्ये एकजात खाली ओढलेल्या गजांनी जाडजूड स्वरसंघ मारू लागतात. ग्लिंकाने गज बाजूला ठेवून गिटार आणली होती. फायाने गजालाच फटकारा शिकवला. ते आघात पहिल्याने अंतर राखून, संयमाने पडतात आणि शेवटाकडे लय अशी चढत जाते की नर्तकाचा श्वास आपल्या छातीत भरून येतो.

ही पावले मासीनला ज्याने शिकवली त्याचे नाव येथे घेतलेच पाहिजे. फेलिक्स फेर्नांदेस गार्सिया हा तरुण नर्तक; स्पेनमध्ये तो दियागिलेव्हच्या नजरेस पडला, फेलिक्सबरोबर फाया आणि मासीन दक्षिणेत हिंडले, आणि पुढे मंडळींसोबत त्याला लंडनला नेण्यात आले. गिरणीवाल्याची भूमिका मासीनने केली. प्रयोगापूर्वीच फेलिक्सचे मन ढळले, त्याला इंग्लंडमधील वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले आणि १९४१ साली तो तेथेच वारला. कार्यक्रमपत्रिकांवर मोठमोठी नावे झळकतात तेव्हा त्या नाचाचा खरा खजिना ज्याच्या पायांत होता त्या माणसाची आठवण फार थोड्यांना असते, याचे मला नेहमी दुःख वाटते.

फायाचा समकालीन सेव्हियाचा होआकिन तुरीना याने १९१९ मध्ये ‘विलक्षण नृत्ये’ या नावाची तीन भागांची रचना केली, तिचा उल्लेख एवढ्यासाठी की पहिला भाग खोत्याचा, तिसरा फारुकाचा आणि मधला बास्क सोर्त्सिकोचा आहे. आपल्या झपतालाचे अर्धे आवर्तन ज्याच्या ओळखीचे आहे त्याने त्या पाच मात्रांची संथ लाट जरूर ऐकावी.

आणि राव्हेलचा ‘बोलेरो’? तो सर्वांनी ऐकलेला असतो, आणि म्हणूनच कदाचित कोणी मन लावून ऐकत नाही. इडा रुबिन्श्टाइन या नर्तकीसाठी राव्हेल स्पॅनिश संगीतकार आल्बेनिसच्या काही पियानोरचना वाद्यवृंदासाठी रूपांतरित करणार होता, पण त्यांचा परवाना आधीच दुसऱ्याला दिलेला निघाला. तेव्हा त्याने नवीच रचना लिहिली, आणि ती २२ नोव्हेंबर १९२८ रोजी पॅरिसच्या ऑपेरात झाली. एका स्नेअर ड्रमवर अगदी हळू आवाजात दोन मापांचा एक ठेका सुरू होतो. आपल्या बोलांत तो असा मांडता येईल: ता तकिट ता तकिट ता ता, ता तकिट ता तकिट तकिट तकिट. प्रत्येक ‘ता’ आणि प्रत्येक ‘तकिट’ यांना सारखाच काळ. म्हणजे एका मापात सहा घटका, त्यांच्या तीन जोड्या, आणि दोन मापे मिळून चोवीस आघात. पहिल्या मापाच्या शेवटी दोन मोकळे ‘ता’ आहेत, तेथे ठेका श्वास घेतो. दुसऱ्या मापाच्या शेवटी तीन ‘तकिट’ सलग येऊन पुढच्या आवर्तनाच्या समेवर लोटतात. एवढेच, पण हे १६९ वेळा, सुमारे पंधरा मिनिटे, लय तसूभरही न वाढवता.

स्पेनमधला अस्सल बोलेरो याहून जलद असतो, आणि नाचाचा तंतोतंत नमुना म्हणून पाहिले तर राव्हेलची रचना सदोष ठरेल. तरीही मी तिला या परंपरेच्या अगदी गाभ्याजवळची मानतो, कारण ग्लिंकाने व्हायादोलिदच्या त्या गिटारवादकाकडून घेतलेला धडा राव्हेलने टोकापर्यंत नेला: खाली काहीही बदलायचे नाही. बासरीपासून एकेक वाद्य येते, तीच दोन वळणांची धून घेते आणि पुढच्याला वाट देते. एके ठिकाणी हॉर्नच्या स्वरावर दोन पिकोलो त्याच धुनीला वेगळ्याच पट्टींत वरून अशी चिकटवली आहेत की एखादे अपरिचित वाद्य वाजत असल्याचा भास होतो. ठेका धरणाऱ्या त्या एका ड्रमलाही एकेक वाद्य येऊन जोड देते. आवाज वाढतो, रंग दाटतो, आणि जवळजवळ शेवटपर्यंत एकाच आधारस्वरावर उभा असलेला हा डोलारा अखेरच्या क्षणी अचानक दुसऱ्या स्वरावर उडी घेतो, परततो आणि कोसळतो. ड्रमवाल्याच्या दृष्टीने पाहिले तर ही रचना मनगटांच्या ताबेदारीची कसोटीच आहे: पहिल्या मिनिटाला उतावीळ झाला तर चौदाव्या मिनिटाला द्यायला त्याच्याजवळ काही उरत नाही.

शंभर वर्षे वाद्यवृंदाने गिटारीचे सोंग घेतले. १९३९ साली पॅरिसमध्ये होआकिन रोद्रिगोने ‘कोन्सिएर्तो दे आरान्खुएस’ लिहून तिलाच वाद्यवृंदापुढे आणून बसवले. तिसऱ्या वर्षापासून दृष्टी गेलेला हा संगीतकार स्वतः गिटारवादक नव्हता, पियानिस्ट होता, आणि त्याच्यापुढे अडचण उलटी होती: गिटारीचा आवाज लहान, वाद्यवृंदाने नुसता श्वास जोरात घेतला तरी ती बुडावी. त्याने उपाय केला तो धाडसाचा. ज्या साधनांनी इतर सगळ्यांनी स्पेन उभा केला ती कॅस्टनेट, टॅम्बोरिन, नगारे त्याने पूर्णपणे वगळली. सबंध रचनेत एकही तालवाद्य नाही. डबलबासांचा एक मंद, लांबट स्वर धरलेला असतो आणि त्यावर गिटार एकटीच फटकारे मारीत सुरू होते, सहा मात्रा एकदा तीन-तीन, एकदा दोन-दोन-दोन; तिचे म्हणणे पुरे झाल्यावर व्हायोलिने तोच ठेका गजांच्या टोकांनी हलकेच उचलतात. ९ नोव्हेंबर १९४० रोजी बार्सेलोनात रेखिनो साइन्स दे ला मासा याने तो प्रथम वाजवला. त्याचा दुसरा, संथ भाग जगभर पसरला आहे. पण ठेक्याचा ज्याला छंद आहे त्याने पहिला आणि तिसरा भाग सोडू नये, कारण तिसऱ्यात रोद्रिगोने दोन आणि तीन मात्रांची मापे अशी मिसळली आहेत की प्रत्येक पावलाला पुढचे पाऊल कोठे पडणार याचा अंदाज नव्याने बांधावा लागतो.